हिना आणि भजीपाव

मन्मथअप्पा फाईल आधी हुंगत आणि मग वाचत. फाईल टेबलावर आली की ते चष्मा कपाळावर सरकवत, दोन्ही हातांनी ती नाकाशी धरत, डोळे अर्धवट मिटत आणि छाती भरून श्वास घेत. आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघत राहायचो. मग निकाल यायचा.

"उदगीरची हाय. अडतीच्या गाळ्यात पडून होती."

फीत सोडून पाहावं तर खरोखरच उदगीरची निघे. "ही निलंग्याची. तिथला कारकून तंबाखू खातो." तेही खरं निघे. एकदा एका नव्या शिपायाने मुद्दाम कोरी फाईल पुढे ठेवली, तर अप्पांनी ती हुंगून त्याच्याकडेच बघितलं. "हिच्यात काय बी न्हाई. तुझ्या डोक्यासारखीच हाय." शिपाई महिनाभर त्यांच्या समोरून जाताना मान खाली घालून जायचा.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवा जिल्हा म्हटल्यावर मला वाटलं होतं, सगळं नवं कोरं असेल. प्रत्यक्षात तीन माणसांत दोन खुर्च्या होत्या आणि जुन्या कचेऱ्यांतून फाईली पोत्यांत भरून येत होत्या. कुठलं पोतं कुठल्या तालुक्याचं, हे पोतं पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसे. अशा वेळी अप्पांचं नाक म्हणजे आमच्या कचेरीची मालमत्ताच होती. मी रेणापूरचा, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. अप्पांची निवृत्ती पाच वर्षांवर आलेली, आणि ते नांदेडहून बदली मागून घेऊन लातूरला आले होते. लोक लातूरला बदली झाली की ती रद्द करायला धावत. अप्पांनी ती मागितली कशाला, हे कुणाला कळत नव्हतं. विचारलं तर ते म्हणत, "नांदेडात आता वास न्हाई राहिला." आम्ही समजायचो, म्हातारा चेष्टा करतोय.

दिसायला अप्पा ठेंगणे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि भर वैशाखातही अंगात काळा कोट. पण त्यांची खरी ओळख कानात होती. उजव्या कानाच्या वळणात अत्तराचा फाया. सकाळी आल्या आल्या ते सही करायच्या आधी जाहीर करत, "आज खस." किंवा, "आज हिना. साहेबांची मीटिंग हाय." उन्हाळ्यात खस, पगाराच्या दिवशी मजमुआ, सोमवारी केवडा. अत्तराच्या बाटल्या त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात असत, चिकट बुचांच्या, लेबल केव्हाच निघून गेलेल्या.

"डोळे फसवतेत, कान फसवतेत. नाक न्हाई फसवत," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुपारी डबे उघडले की ते प्रत्येकाच्या डब्यावरून नाक फिरवत जात. खात कुणाचंच नसत. "दत्ता, तुझ्या आईनं आज रागात फोडणी दिली." मी चकित. सकाळी घरी खरंच कडाक्याचं भांडण झालं होतं. आता मागे वळून बघताना वाटतं, माझं तोंड त्या दिवशी एवढं उतरलेलं होतं की ते ओळखायला नाकाची काही गरज नव्हती. पण तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं, आणि आई दुसऱ्या दिवसापासून फोडणी देताना देवाचं नाव घ्यायला लागली.

एवढं नाक असूनही अप्पा सुखी नव्हते. त्यांना एकच वास हवा होता, आणि तो लातुरात मिळत नव्हता. नांदेडला स्टेशनजवळ बाबूमियाँ नावाचा एक गाडीवाला होता. बेकरीचा गोल पाव मधोमध कापायचा, आत करडईच्या तेलात तळलेलं मिरचीचं भजं, त्यावर कच्चा कांदा, वरून जवसाची चटणी, आणि सगळं तव्यावर उलथन्याने चर्र होईपर्यंत दाबायचं. हा बाबूमियाँचा भजीपाव. अप्पा त्याचं वर्णन करायला लागले की शेजारच्या टेबलावरचे लोकही लाळ गिळत.

आमच्याकडे एका साहेबांच्या मेव्हण्याने परदेशातलं एक रंगीत मासिक आणून ठेवलं होतं. त्यात एक पानभर चित्र होतं: गोल पाव, मधे काहीतरी चपटं तळलेलं, वर कांदा. खाली नाव हॅम्बर्गर. अप्पांनी ते चित्र पाहिलं आणि उभेच राहिले.

"अरे, हा तर बाबूमियाँचा!"

"अप्पा, हा अमेरिकेचा आहे."

"आता अमेरिकेचा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आपल्याला लाल मिलो ज्वारी पाठवली की न्हाई? त्या मिलोच्या मागं त्यांची माणसं आली असतील. नांदेड स्टेशनवर उतरली असतील. भूक लागली असंल. खाल्ला भजीपाव, आन् गेले घेऊन." मग थोडा विचार करून म्हणाले, "मिलो अशी, की जनावरं तोंड लावेनात. आन् बदल्यात काय नेलं बघा. लई महागात पडलं आपल्याला."

त्यांनी मासिकाचं ते पान नाकाशी धरलं. आम्ही श्वास रोखून बसलो. "शाई," ते म्हणाले आणि पान परत केलं.

भजीपावाची मूळ गोष्ट अप्पा हौसेने सांगत, आणि दर वेळी तीत एखादा तपशील वाढत असे. लग्न झालं तेव्हा घरात बारा माणसं. वडील इतके कडक, की बाहेरचं पाणीसुद्धा घेत नसत. आणि नव्या नवरीला, म्हणजे महानंदाकाकूंना, तिखटाचं वेड. घरी सासऱ्यांसाठी सगळं अळणी. मग अप्पा कचेरीतून येताना बाबूमियाँकडून एक भजीपाव बांधून घेत, तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवत आणि वडिलांच्या समोरून मान ताठ ठेवून आत जात. तिसऱ्याच दिवशी वडिलांनी हाक मारली, "मन्मथ, कांद्याचा वास कुठून येऊन राहिला?" त्या दिवशी अप्पा सराफ्यातल्या अत्तरवाल्याकडे गेले आणि त्यांनी सगळ्यात दणदणीत अत्तर मागितलं. दुकानदाराने हिना दिली.

"तवापासून कानात हिना आन् खिशात भजं," अप्पा सांगत. "वडील सगळ्या गावाला सांगायचे, पोरगा लई शौकीन निघाला. ती माळवदावर बसून खायची, मी जिन्यात राखण करायचो." एवढं सांगून ते थांबत आणि हवेत नाक वर करत. "हिना आन् भजं. दोन्ही एका टायमाला. तसा वास पुन्हा न्हाई."

महानंदाकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. गोष्टीत हे ते सांगत नसत. ते आम्हाला बाहेरून कळलं होतं.

तर असा हा वास लातुरात निर्माण करायचा चंग अप्पांनी बांधला. गंजगोलाईजवळ शंकर नावाचा एक हॉटेलवाला होता, त्याला त्यांनी हाताशी धरलं. पहिल्या वेळी शंकरने आपल्या मनाने केला. अप्पांनी हुंगला, मान हलवली. "हे लातूर हाय." दुसऱ्या वेळी घाण्यावरून करडईचं तेल आणलं. "न्हाई." तिसऱ्या वेळी एसटीच्या कंडक्टरला गाठून नांदेडच्या बेकरीतले पाव मागवले, ते अहमदपूरच्या खड्ड्यांतून येता येता चपटे झाले. "न्हाई." मग अप्पा म्हणाले, पाण्याचा फरक असेल, आणि पुढच्या आठवड्यात त्याच कंडक्टरने गोदावरीचं पाणी एका डबड्यातून आणलं. त्या पाण्यात पीठ भिजवलं. शंकर हात जोडून उभा. अप्पांनी भजीपाव उचलला, डोळे मिटले, आणि फार वेळ तसेच राहिले. मग तो खाली ठेवला.

"न्हाई रे."

नाकारलेला माल आम्ही खायचो. सहा महिन्यांत कचेरीतल्या तिघांच्या पँटी कमरेत सैल करून घ्याव्या लागल्या. शंकरचा धंदा जोरात चालला, कारण गावात बोभाटा झाला होता की त्याच्याकडे नांदेडसारखा पाव मिळतो. एकटे अप्पा उपाशी होते.

आता माझ्या नालायकपणाची गोष्ट. त्या वयात मला दुसऱ्याची फजिती करण्याची फार हौस होती. एका सकाळी लवकर येऊन मी अप्पांच्या खणातली एक बाटली काढली, तिच्यातलं अत्तर दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि तिच्यात आईच्या डब्यातला हिंग घोळलेलं तेल भरलं. साधासुधा हिंग नव्हता, लाकडी डबीतला खडा हिंग. माझा बेत असा, की अप्पा फाया नाकाशी नेतील, ओरडतील, आणि दिवसभर हसायला होईल.

अप्पा आले. कोट झटकला. नेमकी तीच बाटली काढली, कापसाचा बोळा बुडवला, नाकाशी धरला. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला.

"वा," ते म्हणाले. "आज हिना."

आणि फाया कानात सारला.

मी तोंडात रुमाल कोंबला. दहा मिनिटांत सगळी कचेरी खिडक्यांजवळ जमा झाली. अप्पा जिथून जात तिथे वरणाला फोडणी दिल्यासारखं होत होतं. अकरा वाजता साहेब आले, अप्पांच्या टेबलाशी थांबले, नाक मुरडलं.

"काय अप्पा, सर्दी झाली काय? कानाला हिंग लावलाय तो?"

साहेबांच्या मागे उभे असलेले सगळे फसकन हसले. मी अप्पांकडे बघत होतो. त्यांचा हात हळूच कानाकडे गेला. फाया काढला, नाकाशी धरला, पुन्हा धरला. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं, ते रागावलेल्या माणसाचं तोंड नव्हतं. अंधारात पायरी चुकल्यावर माणूस हात पुढे करतो, तसं काहीतरी होतं ते.

"हाव साहेब," ते म्हणाले. "लई सर्दी हाय."

माझं हसणं तिथेच संपलं. नाकाशी हिंग धरून हिना म्हणणाऱ्या माणसाला वास येत नाही, हे समजायला फार अक्कल लागत नाही. मला ती जरा उशिरा आली, एवढंच.

दुपारी मी त्यांना कँटीनच्या मागे लिंबाखाली गाठलं आणि सगळं कबूल केलं. वाटलं, एक मुस्काटात बसेल. अप्पांनी आधी आजूबाजूला बघितलं.

"कुणाकुणाला कळलं?"

"मलाच."

"मग बस."

बहात्तर साली ते कंधारकडे दुष्काळी कामावर हजेरी लिहायला होते. हजारो माणसं खडी फोडत होती, सगळीकडे धूळ. वर्षभर ती धूळ नाकात गेली, मग मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा वास गेलेला. "सुकडी वाटत होते. पोरं म्हणायची, काय मस्त वास सुटलाय. मी परातीवर वाकलो, तर काही न्हाई. गरम हाय एवढं कळलं."

"मग फाईली? उदगीर, निलंगा?"

अप्पांच्या डोळ्यांत जरा चमक आली. "उदगीरवाले फाईलीला सुतळी बांधतेत, अडतीतली. निलंग्याच्या कागदाला अंगठ्याचा तंबाखूचा डाग असतोय. डोळे अर्धेच मिटतो मी, बघितलं न्हाईस का?" मग म्हणाले, "लोकांनी नाकाला मान दिला होता रे. नाक गेलं सांगितलं असतं तर काय राहिलं असतं माझ्यापाशी? ठेंगणा माणूस आन् काळा कोट."

हे फक्त महानंदाकाकूंना ठाऊक होतं. रोज सकाळी त्या फाया करून त्यांच्या कानात घालत आणि कुठलं अत्तर ते सांगत. आठ वर्षं. त्या गेल्यावर नांदेडच्या घरात बसवेना, म्हणून बदली मागितली.

"आणि शंकरच्या हॉटेलात ते काय चाललंय मग?" मी विचारलं. "वास येत नाही तर नाकारता कशावरून?"

"येत न्हाई म्हणूनच नाकारतो," अप्पा म्हणाले. "डॉक्टर म्हणला होता, कधी कधी ओळखीच्या वासानं परत येतंय. माझ्या ओळखीचा वास तो एकच. खराखुरा आला तर नाक उघडंल. उघडलं तर..." मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "मग शंकरकडे कशाला? रविवारी नांदेडला जाऊ. मी येतो."

काकू गेल्यापासून ते बाबूमियाँकडे फिरकले नव्हते. मी ओळखलं, की त्यांना भीती वाटत होती. तिथेही आलं नाही तर मग कुठेच जायला उरत नव्हतं.

रविवारी आम्ही निघालो. अहमदपूर, लोहा करत एसटी चालली होती. अप्पांच्या कानात फाया होता, पण कुठला ते त्यांनी जाहीर केलं नाही. स्टेशनजवळ गाडी जागेवरच होती. बाबूमियाँ माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ म्हातारे, दाढी पांढरी, हाताला कंप. अप्पांना बघून त्यांनी उलथनं टाकलं.

"अरे अप्पा! किधर थे? दो साल हो गए!"

दोघे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मग बाबूमियाँनी लगबगीने दोन पाव कापले. मला तेलाचा वास आला आणि मी मनात चरकलो. घरी करडईच्या तेलावर वाढलेला मी, हे तेल करडईचं नव्हतं. पामतेल होतं, आमच्याकडे रेशनवर येणारं. कढईशेजारी डबा फडक्याखाली झाकून ठेवला होता.

अप्पांनी भजीपाव दोन्ही हातांत घेतला. बाबूमियाँ हात पुसत पुढे वाकले.

"अप्पा, सच्ची बोलना. लोगां बोलते, बुढ्ढे का माल अब वैसा नहीं रहा. बच्चे बोलते, गाडी बंद करो, घर में बैठो. मैं किसी का नहीं सुनता. तुम्हारी नाक बोलेगी तो मान लूँगा. खुशबू वैसीच है ना?"

अप्पांनी भजीपाव नाकाशी नेला. या वेळी त्यांनी डोळे पुरते मिटले. मी त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होतो, माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या निकालाचीही मी कधी एवढी वाट पाहिली नव्हती. मागे एक मालगाडी पूर्ण निघून गेली. अप्पांनी डोळे उघडले.

"वैसीच है," ते म्हणाले. "रत्तीभर फरक न्हाई बाबूमियाँ. गाडी बंद केली तर बघा."

बाबूमियाँ एकदम पाठमोरे झाले आणि कढईत नसलेलं काहीतरी ढवळायला लागले. अप्पांनी तो भजीपाव शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

स्टँडवर बाकावर बसल्यावर मला राहवेना. "अप्पा, उघडलं?"

"न्हाई."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तेल बदललंय न्हवं?"

"हाव. तुम्हाला कसं कळलं?"

"त्यानं विचारलं तवाच कळलं. ज्याचं तेल तेच हाय, तो विचारत न्हाई."

"मग खोटं कशाला सांगितलंत?"

अप्पा जरा हसले. "ती गेल्यावर अत्तराच्या सगळ्या बाटल्या घेऊन मी सराफ्यात गेलो. म्हणलं, कुठली कुठली ते लिहून द्या, आता सांगणारं कुणी न्हाई. दुकानदारानं सातही बाटल्या हुंगल्या. म्हणला, अप्पा, सातही बाटल्यांत एकच अत्तर हाय. आन् ते बी सगळ्यात हलकं." ते आता मोठ्याने हसायला लागले. "आठ वर्षं, दत्ता! रोज सकाळी, आज खस, आज केवडा, आज साहेबांसाठी हिना. आन् मी कोटाची गुंडी लावून ऐटीत कचेरीत. लई लबाड बाई."

"राग नाही आला?"

"आला की. दोन दिवस फोटोशी बोललो न्हाई." त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "पण आठ वर्षं मला रोज नवा वास यायचा रे. खरा येणाऱ्याला बी तेवढा येत नसंल. आता रोज मीच मला सांगतो, आज हिना. पर आपलंच आपल्याला सांगून वास येत न्हाई."

मग त्यांनी नाक वर केलं.

"सांग बरं, आत्ता इथं कसला वास येऊन राहिलाय?"

मी आजूबाजूला बघितलं. डावीकडे मुतारी होती, उजवीकडे डिझेलचा धूर सोडत उभी असलेली गाडी, समोर कुणीतरी बिडी ओढत होतं आणि बाकाखाली कुजलेल्या केळ्यांची सालं पडली होती. मी काकूंची आठवण केली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "मोगऱ्याचा, अप्पा. काय घमघमाट सुटलाय."

अप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"नांदेडच्या स्टँडवर मोगरा?" ते म्हणाले. "लेका, खोटं तरी नीट बोलायला शिक."

आणि मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकशील. उद्यापासून जरा लवकर येत जा कचेरीत."